पाण्याखाली चार्जर नसतो!

मालवणला जाऊन आलेल्या कुणाचाही अल्बम उघडून बघा. पहिले साठ फोटो बोटीचे. लाइफ जॅकेट घालून सेल्फी, मास्क कपाळावर चढवून सेल्फी, मागे सिंधुदुर्ग किल्ला आणि पुढे अंगठे दाखवणारा अख्खा ग्रुप. मग पाण्याखालचे सात-आठ. त्यातले पाच निळे-धूसर, एकात स्वतःचंच बोट, एकात कुठल्या तरी माशाची शेपटी. आणि मग एकदम पुन्हा किनारा, पुन्हा मासे... पण ताटातले! मधल्या अर्ध्या तासाचं काय झालं असं विचारलं, की उत्तर ठरलेलं, ‘अगं, बॅटरी गेली ना!’

गेल्या सीझनला आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी मला हेच उत्तर दिलं. तिघांकडे चांगले वॉटरप्रूफ कॉम्पॅक्ट कॅमेरे, तिघांनी रात्रभर चार्ज केलेले, आणि तिघेही दुसऱ्या डाइव्हला हातात काळा स्क्रीन घेऊन पोहत होते. एकाने तर बोटीवर सरळ जाहीर केलं, ‘कंपनीने फसवलं यार, ३४० फोटो लिहिलंय बॉक्सवर, माझे नव्वदही नाही झाले!’

मंडळी, कंपनीने फसवलेलं नाही. ‘३४०’ म्हणजे काय, हे आपण कधी विचारलेलंच नसतं.

तर हा आकडा कुठून येतो ते बघू. जपानमध्ये कॅमेरा कंपन्यांची एक संघटना आहे, सिपा नावाची. बॅटरी मोजायची पद्धत तिने ठरवून दिलीय. खोलीचं तापमान साधारण २३ अंश, स्क्रीन चालू, दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फोटोला फुल फ्लॅश, प्रत्येक फोटोआधी झूम, आणि दर दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. बॅटरी मरेपर्यंत हेच. आमच्या मित्राचा कॅमेरा होता ऑलिम्पसचा टफ टीजी-६, २०१९ मध्ये आलेला. (त्याचा धाकटा भाऊ टीजी-७ आला २०२३ मध्ये, पण मधल्या काळात ऑलिम्पसने कॅमेऱ्याचा धंदाच वेगळा काढून दिला, म्हणून धाकट्याच्या कपाळावर ओएम सिस्टिम असं नाव आहे. भावकीत आडनाव बदलतं तसं.) या टीजी-६ चा सिपाचा आकडा ३४०. आता साधा गुणाकार करा. ३४० फोटो, प्रत्येकी अर्धा मिनिट. झाली १७० मिनिटं. म्हणजे दोन तास पन्नास मिनिटं!

बॉक्सवर लिहिलेले ते फोटो नव्हेतच, ती मिनिटं आहेत. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नसते, जे काही दिसतं ते मागच्या स्क्रीनवर. त्यामुळे कॅमेरा चालू आहे तोवर स्क्रीन चालू, सेन्सर चालू, फोकस शोधणारी मोटर चालू. तुम्ही एकही फोटो न काढता पंधरा मिनिटं कॅमेरा छातीशी धरून बसलात तरी पंधरा मिनिटं गेली.

आता आपला खर्च मांडू. सर्टिफाइड डायव्हरची एक डाइव्ह साधारण ४०-४५ मिनिटांची. सकाळच्या ट्रिपमध्ये दोन. झाली नव्वद मिनिटं. हिशोबात १७० आहेत म्हणजे ऐंशी मिनिटं शिल्लक राहायला हवीत. मग जातात कुठे? किनाऱ्यापासून डाइव्हच्या जागेपर्यंत बोटीवर, दोन डाइव्हच्या मध्ये तासभर विश्रांती असते त्यात, आणि ‘दाखव ना, दाखव ना’ करत आठ डोकी एका स्क्रीनवर झुकतात त्यात. वर व्हिडिओचं गणित वेगळंच. फोटोला कॅमेरा क्षणभर राबतो, व्हिडिओला अखंड. फोर-के लावून कॅमेरा चालू ठेवलात तर १७० मिनिटं विसरा.

कुणी म्हणेल, यात काय एवढं? दुसरी बॅटरी न्यायची, बोटीवर बदलायची. बरोब्बर इथेच खरी गोची आहे.

टीजी-६ नुसता १५ मीटरपर्यंत पाणी सोसतो. ओपन वॉटर सर्टिफिकेटवाल्याची मर्यादा १८ मीटर. म्हणजे मनापासून डायव्हिंग करायचं तर वरून प्लॅस्टिकचं हाउसिंग हवं. हाउसिंग असो की नुसता कॅमेरा, पाणी बाहेर ठेवणारी गोष्ट एकच असते, रबराची बारीकशी रिंग. त्या रबरावर एक केस, वाळूचा एक कण, टॉवेलचा एक धागा बसला की खेळ खलास. दहा मीटरवर जमिनीवरच्या दुप्पट दाब असतो, तो त्या केसाशेजारून पाणी आत ढकलतो. खारं पाणी आणि चालू सर्किट, पुढचं सांगायला नको. आणि बॅटरी बदलायची म्हणजे हे झाकण कुठे उघडणार? डोलणाऱ्या बोटीवर, ओल्या हातांनी, केसांतून पाणी ठिबकत असताना, शेजारचा फिन्स झटकत असताना. पाण्यात कॅमेरे मरतात त्यांचं मूळ अनेकदा कोरड्यावरच्या या दोन मिनिटांत असतं. म्हणून बॅटरी वाचवायची ती फोटोंची संख्या वाढवायला नव्हे. रूमवर बंद केलेलं झाकण थेट रूमवरच उघडायला!

आम्हा कर्जतवाल्यांना हे पटकन कळतं. आमच्या स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांना मागून बँकर इंजिनं लागतात. तुम्ही तेव्हा वड्याच्या स्टॉलसमोर असता म्हणून लक्ष जात नाही. घाट चढायला जी काही जास्तीची ताकद हवी, ती खाली कर्जतलाच जोडून घ्यायची. मंकी हिलच्या चढावर गाडी दमल्यावर इंजिन शोधत बसायचं नाही. स्पेअर बॅटरीचंही तेच. ती न्या, जरूर न्या, पण तिचं स्टेशन हॉटेलची रूम.

आता म्हणाल, कर्जतच्या मुलीचा समुद्राशी संबंध काय? खरंय, आमच्याकडे समुद्र नाही. चौकमार्गे पनवेल गाठायचं, रात्रीची कोकणकन्या पकडायची आणि सकाळी कुडाळला उतरायचं, तेव्हा कुठे तो दिसतो. पण साठवलेली ताकद मोजूनमापून वापरायची म्हणजे काय, हे बघायला आमच्या खोपोलीइतकी झकास जागा नाही. घाटावरच्या तलावांत पावसाचं पाणी अडवायचं, ते पाइपातून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, हा टाटांचा उद्योग खोपोलीत १९१५ पासून सुरू आहे. मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरल्या. १९२२ मध्ये त्याचं भावंड आलं भिवपुरीला, कर्जत तालुक्यात. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने काढायचे म्हटल्यावर व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी बंद ठेवायचा, यातच सगळी अक्कल. खाली सुटलेलं पाणी पाताळगंगेला मिळालं की मिळालं. (वर चढवायचीही सोय होऊ शकते म्हणा. भिवपुरीला १००० मेगावॉटच्या पंप्ड स्टोरेज प्रकल्पासाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला. म्हणजे चक्क डोंगराएवढी रिचार्जेबल बॅटरी!) आपल्या कॅमेऱ्यातला तलाव काडेपेटीएवढा आहे, बाकी व्हॉल्व्हची अक्कल तीच.

मग व्हॉल्व्ह कुठे कुठे बंद करायचे? सर्वांत आधी फ्लॅश. आणि हे नुसतं बॅटरीसाठी नाही बरं का. मालवणच्या पाण्यात बारीक गाळ आणि प्लवक तरंगत असतं. कॉम्पॅक्टचा फ्लॅश लेन्सला चिकटून असतो, त्यामुळे तो आधी त्या कणांवर पडतो आणि फोटोत काश्मीरसारखा बर्फ पडायला लागतो. माशाचा पत्ता नाही, नुसते पांढरे ठिपके! ‘रंग यायला फ्लॅश हवाच’ असं सांगणारे भेटतील. लाल रंग पाण्यात सर्वांत आधी मरतो हे खरं, पाच मीटरवरच तो फिका पडलेला असतो. पण उथळ पाण्यात कॅमेऱ्याचा अंडरवॉटर मोड बरंच सांभाळून घेतो. सूर्य पाठीशी घ्या, माशाच्या जवळ जा आणि फ्लॅशला सुट्टी द्या. एकदम दोन दुखणी बरी.

दुसरा चोर जास्त बेरकी आहे, कारण तो कॅमेरा बंद असतानाही खातो. टीजी-६ च्या डोक्यावर लॉग नावाचा एक छोटा खटका आहे. तो चालू राहिला तर कॅमेरा बंद केल्यावरही जीपीएस आपण कुठे कुठे फिरलो त्याची नोंद करत बसतं. ट्रेकला मस्त. पण पाण्याखाली जीपीएसचा सिग्नल पोचतच नाही आणि बिचारा कॅमेरा बोटीवर, बॅगेत, जेवताना इमानदारीत बॅटरी जाळत राहतो. आमच्या ‘कंपनीने फसवलं’वाल्याचा खटका कुठे होता, ओळखा! वायफाय, ब्लूटूथ हेही समुद्रात निरुपयोगी, रूमवरच बंद करा. काढलेला फोटो दोन-तीन सेकंद स्क्रीनवर दाखवायची सवय कॅमेऱ्याला असते, तीही मोडा. स्क्रीनचा उजेड मात्र खाली जाईपर्यंत कमी करू नका असं माझं मत. ज्या स्क्रीनवर काही दिसतच नाही तो वाचवून करायचं काय?

व्हिडिओबद्दल मी जरा कर्मठ आहे. सलग दहा मिनिटांचा निळा व्हिडिओ आजवर कुणी पूर्ण पाहिल्याचं मला माहीत नाही, काढणाऱ्याच्या आईनेसुद्धा. वीस-वीस सेकंदांचे तुकडे काढा. त्याचा आणखी एक फायदा आहे. सतत चालणारा कॅमेरा गरम होतो, हाउसिंगच्या आतली हवा गरम होते, बाहेरून समुद्राचं तुलनेने गार पाणी लागलेलं असतं, आणि काचेवर आतून धुकं धरतं. पावसात एसटीच्या खिडकीवर धरतं ना, तसंच. त्या हवेत बाष्प किती, हे तुम्ही झाकण कुठे लावलंत यावर ठरतं. दमट किनाऱ्यावर लावलंत तर समुद्रच आत कोंडलात. एसी रूममध्ये, कोरड्या हातांनी, सिलिका जेलची पुडी घालून लावा आणि मग विसरून जा.

चार्जिंगबद्दल आपल्याकडे अजून काय काय समज आहेत! ‘पूर्ण संपवूनच चार्ज करायची’ हा त्यातला पुराणपुरुष. तो फंडा जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचा. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये, सोनीने आणली, आणि हिला असली स्मरणशक्ती नाही. अर्धी असताना लावा, पाऊण असताना लावा, तिचं काही म्हणणं नसतं. उलट दरवेळी तळ गाठायला लावलात तर ती लवकर म्हातारी होते. दोन डाइव्हच्या आदल्या रात्री मात्र ती शंभर टक्के भरलेली हवी. आणि इथे कोकणातल्या विजेवर भरवसा ठेवून झोपू नका. आमच्याकडे पावसाळ्यात दोन सरी आल्या की लाइट गेले, असं बालपण गेलेल्या मुलीचा हा सल्ला आहे. रूमवर पोचल्या पोचल्या चार्जिंगला लावा, जेवायला नंतर जा. लॅमिंग्टन रोडवरच्या निम्म्या किमतीच्या डुप्लिकेट बॅटऱ्यांचा मोह मला समजतो, महिनाअखेर सगळ्यांचीच असते. पण अशी बॅटरी कॅमेऱ्याच्या त्या घट्ट कप्प्यात फुगली तर बाहेर काढायला पक्कड लागते. विमानाने गोव्याला जाऊन तिथून खाली-वर करणार असाल तर सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही. विमान कंपन्यांचा नियमच आहे.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याकडे येते. डायव्हरकडे खरं तर दोन मीटर असतात. एक कॅमेऱ्यातलं बॅटरीचं चित्र, दुसरा सिलेंडरला जोडलेला हवेचा गेज. गेज प्रामाणिक असतो. २०० बारने उतरायचं आणि ५० उरतील असं बघून वर यायचं, काटा सरळ सरळ खाली सरकताना दिसतो. बॅटरीचं चित्र मात्र महाचालू. लिथियम-आयनचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतो आणि शेवटी धाडकन पडतो. म्हणून तीन दांड्या तासभर तीनच दिसतात, आणि मग दोन, एक, लाल असं सगळं चटचट होतं. नेमकं समोर कासव आलेलं असताना!

त्या क्षणी माणूस काय करतो? लाल चित्राकडे बघत एकामागून एक शटर दाबत सुटतो. आमच्यातल्या एकाने, आणि तो चांगला सर्टिफाइड आहे, नेमकं हेच केलं. बॅटरी संपायच्या आत सगळं उरकायच्या नादात तो माशांच्या थव्यामागे गेला, जोडीदार मागे राहिला आणि गेजकडे त्याने कितीतरी वेळ बघितलंच नव्हतं. गाइडने फिन ओढून त्याला वळवलं तेव्हा काटा साठच्या आसपास होता. धावपळीत श्वास वाढतो, हवा दुप्पट वेगाने जाते, हे सगळं त्याला वर्गात शिकवलेलं होतं. वर आल्यावर गाइडदादा ओरडला नाही. हसत हसत एवढंच म्हणाला, ‘बॅटरी मगे बघा ओ. आधी हवा किती ता बघा.’ बोटीवर बराच वेळ कुणी बोललं नाही.

तेव्हापासून माझा एक खाक्या आहे. कॅमेरा चालू करण्याआधी दरवेळी गेज बघायचा. कॅमेरा बंद करताना पुन्हा बघायचा. कॅमेरा सतत चालू नसल्यामुळे हे आपोआप दहा-बारा वेळा होतं. बॅटरीची बचत आणि हवेचा हिशोब एकाच हाताच्या सवयीत बसतात.

ही सवय मालवणात लागत नाही, आधी लावून जावी लागते. आणि इथे आमचा तालुका तुमच्या कामाचा! शनिवार-रविवार तुम्ही कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवर येताच. त्या पूलमध्ये बिअरचे टिन तरंगवण्याऐवजी (बरं, त्याबरोबर) एक रंगीत तालीम करा. आधी हाउसिंग रिकामं, आत टिश्यू पेपर ठेवून तळाशी दहा मिनिटं बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. मग घड्याळ लावून ४५ मिनिटं डाइव्हला काढाल तसे फोटो काढा, तासभर कॅमेरा बंद, झाकण न उघडता पुन्हा ४५ मिनिटं. शेवटी किती दांड्या उरल्या ते लिहून ठेवा. तुमच्या कॅमेऱ्याचा, तुमच्या हाताचा तो खरा आकडा. बॉक्सवरचा ३४० जपानमधल्या खोलीचा आहे.

तालीम पूलमध्येच पण. उल्हास नदी, पेज, सोलनपाडा, मोरबे धरण, खोपोलीचा झेनिथ धबधबा, यातलं काहीही ‘वॉटरप्रूफ आहे ना’ म्हणून निवडू नका. कॅमेरा वॉटरप्रूफ असतो, तो धरणारा नसतो. दर पावसाळ्यात इथे पोरं बुडतात, धबधब्यांवर अनेकदा जिल्हा प्रशासनाची बंदी लागते, आणि रात्री टॉर्च घेऊन शोधायला जाणारी मंडळी आमच्याच गावांतली असतात. पेजला तर भिवपुरीच्या वीज केंद्रातून सुटलेलं पाणी येऊन मिळतं. उन्हाळ्यात ती वाहती दिसते ती त्यामुळे. वरून पाणी कधी सुटणार हे काठावर बसलेल्याला कळत नाही.

राहता राहिली शेवटची तीन मिनिटं. वर येताना पाच मीटरवर थांबायचं असतं, सेफ्टी स्टॉप. बहुतेकांची बॅटरी तोवर गेलेली असते आणि डाइव्हचे सर्वांत सुंदर फोटो नेमके इथे असतात. ऊन थेट पाण्यात उतरलेलं, दोरीला धरून लटकलेले मित्र, तोंडातून निघून वर जाणारे बुडबुडे चांदीच्या नाण्यांसारखे चपटे. लाल रंगसुद्धा थोडाफार परत आलेला असतो. एवढ्यासाठी एक दांडी राखून ठेवा. गेज बघा, मग काढा.

बोटीवर चढलात की ‘दाखव ना’ सुरू होणारच. दाखवू नका. कॅमेरा बंद, सावलीत, ओल्या टॉवेलखाली. किनाऱ्यावर गोड्या पाण्याच्या बादलीत झाकण न उघडता चांगला अर्धा तास बुडवून ठेवा, म्हणजे बटणांच्या फटीतलं मीठ निघून जाईल. तेवढ्यात तुमची अंघोळ होईल, सुरमई तळून होईल. मग रूमवर, कोरड्या हातांनी झाकण उघडायचं, बॅटरी चार्जरला, कार्ड लॅपटॉपला. आणि मग बसा सगळे झुकून!